बाबांनी फोनवरून ऐकलेलं इंजिन

दिवाळीला गावी आलोय, दारव्ह्याकडचं आमचं गाव, कापसाचा पहिला वेचा सुरू आहे आणि रोज संध्याकाळी ओसरीवर कोणी ना कोणी येऊन तेच विचारतं, "अमेरिकेत राहून जुनी गाडी कायले घेतली बे? नवी भेटत नाई का तिथं?" दहा जणांना दहा वेळा सांगून झालं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

गाडी आहे २००४ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, सहा गिअर, चारही चाकांना ताकद, नवी होती तेव्हा ३०० हॉर्सपॉवरची. मी २०१८ मध्ये घेतली तेव्हा ९८ हजार मैल चाललेली होती, म्हणजे दीड लाख किलोमीटरच्या वरच. तेव्हापासून ऑफिस सोडून जो वेळ मिळतो त्यातला बराचसा हिच्याखाली आडवं पडून जातो, आणि मला ते मनापासून आवडतं.

मी राहतो डेन्व्हरला, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात. समुद्रसपाटीपासून १६०९ मीटर उंच, त्यामुळे तिथली हवा पातळ, खालच्यापेक्षा साधारण सहावा हिस्सा कमी. माणसाला पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते तशी साध्या इंजिनालाही लागते, कारण पेट्रोल कितीही ओता, जाळायला हवाच पुरत नाही. टर्बो तिथं कामी येतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाया जाण्याआधी एक पंखा फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, बस एवढंच. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात त्या दांड्याचे. ही कल्पना जुनी आहे, आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच पेटंट घेतलं होतं. आणि १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं इंजिन टर्बोसकट पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर नेऊन, १४ हजार फुटांवरच्या पातळ हवेत चालवून दाखवलं. तो डोंगर माझ्या घरापासून दोनेक तासांवर आहे, वरपर्यंत डांबरी रस्ता जातो, मी ही गाडी घेऊन गेलोय तिथं आणि वर पोचल्यावर बराच वेळ बॉनेटला टेकून नुसता उभा होतो.

आता हवा दाबली की ती तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच. आणि तापलेली हवा फुगते, सिलेंडरमध्ये कमी मावते, वर पेट्रोल अवेळी भडकून नॉकिंग होतं ते वेगळंच. म्हणून मध्ये इंटरकूलर लावतात, दिसायला रेडिएटरसारखा, फक्त पाण्याऐवजी हवा थंड करणारा. माझ्या गाडीत तो इंजिनाच्या वरच बसवलाय आणि बॉनेटवर जे मोठं तोंड दिसतं ते त्याला वारा लागावा म्हणून. पण विदर्भातल्या माणसाला सांगण्यासारखी खरी गोष्ट पुढे आहे, या मॉडेलच्या डिकीत पाण्याची छोटी टाकी असते, बटण दाबलं की इंटरकूलरवर पाणी शिंपडलं जातं, म्हणजे मे महिन्यात ४६ डिग्रीत आपण कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडतो अगदी तेच. आमच्या काकांना हे सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे कूलरच हाय तो."

गाडीत बदल करायचा नाद मला होताच, पण सुरुवातीची कामं सगळी उलट दिशेची निघाली. आधीच्या मालकाने दुसऱ्या कंपनीचा एअर फिल्टर आणि त्याचा मोठा पाईप लावलेला, आवाज भारी येतो त्याने, पण कॉम्प्युटरमधलं सेटिंग तसंच सोडलेलं. हवा मोजणारा सेन्सर ज्या पाईपच्या हिशोबाने बनवलाय तो पाईपच बदलला की त्याचं माप चुकतं, इंजिनाला वाटतं हवा कमी आली, ते पेट्रोल कमी सोडतं, आणि टर्बो जोरात असताना पेट्रोल कमी पडलं की पिस्टनची वाट लागते. मी कबाड्याकडून कंपनीचा फिल्टरचा मूळ डबा शोधून आणला आणि परत बसवला. माझं स्पष्ट मत आहे, जुनी टर्बो गाडी घेतली की पहिलं वर्ष फक्त ती मुळात जशी होती तशी करण्यात घालवावं, पॉवर वाढवायचं नंतर बघता येतं. मी वाढवली पण थोडीच, चांगल्या ट्यूनरकडून कॉम्प्युटरचं सेटिंग करून घेतलं, बूस्टचं म्हणजे टर्बो हवा किती दाबतो ते दाखवणारं मीटर लावलं आणि तिथंच थांबलो. दर दोन वर्षांनी धुराची तपासणी पास करावी लागते, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याला, हातही लावला नाही आणि लावावासा वाटतही नाही. पेट्रोल मात्र महागातलंच भरतो, ९१ ऑक्टेनचं, आणि तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडचं ९१ नव्हे बरं, मोजायची पद्धत वेगळी आहे, आपल्या हिशोबाने ते ९५-९६ च्या आसपास जातं.

मग एकदा गाडी ओढेना. मागून काळा धूर, ॲक्सिलरेटर दाबला की सूं असा आवाज. हवा कुठंतरी निसटत होती, पण कुठं ते दिसेना. मी प्लास्टिकच्या पाईपचं बूच घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, ते टर्बोच्या तोंडावर आवळलं आणि कंप्रेसरने हवा भरली, मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड भिजवत गेलो. गावात पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो ते लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो मी. इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप खालच्या बाजूने चिरलेला, तिथं एकदम फेस आला. त्या दिवशी जो आनंद झाला तो नवीन गाडी घेऊन झाला नसता.

बाबांची गोष्ट यानंतरची. डेन्व्हरला शनिवारी रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात इकडे रविवार सकाळचे साडेआठ, बाबा चहा पित असतात, तेव्हा व्हिडिओ कॉल लावतो. बॉनेट उघडून इंजिन चालू करून दाखवलं तर बाबा म्हणाले, "एक सिलेंडर मिस मारून रायलं पाय." बाबांनी तीस वर्षं विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन सांभाळलंय, हँडल मारून, नोझल साफ करून, पऱ्हाटीला पाणी देऊन, त्यांचा कान चुकत नाही. आणि खरंच त्यांना जे ऐकू आलं ते बरोबरच होतं. या इंजिनाचे सिलेंडर दोन इकडे, दोन तिकडे आडवे झोपलेले असतात आणि त्यांचे धुराचे पाईप सारख्या लांबीचे नसतात, म्हणून प्रत्येकाचा धूर टर्बोपाशी मागेपुढे पोचतो आणि ताल लंगडा वाटतो. सुबारूचा तो घुमणारा आवाज लोकांना आवडतो तो याच लंगडेपणामुळे. हे समजावल्यावर बाबांनी अजून एकदा ऐकलं आणि म्हणाले, "मंग ठीक. पन तेल पाहत जा."

तेल! हेच सगळ्यात महत्त्वाचं. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, आणि हे इंजिन थोडं तेल पिणारंच आहे, पातळी खाली गेली की आधी बेअरिंग जातात. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना मी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघतो. टर्बोभोवती पाणी फिरतं, त्यामुळे थांबल्यावर इंजिन चालूच ठेवायची तशी गरज नाही, तरी शेवटचे दोन मैल हळूच चालवतो. गावातले मिस्त्री बेअरिंगचा आवाज ऐकायला पेचकस इंजिनाला लावून मूठ कानाला लावायचे, मीही तेच करतो, स्टेथोस्कोप विकत मिळतो पण घेतला नाही.

यंदा टायमिंग बेल्ट केला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. १ लाख ५ हजार मैलांवर बदलायचाच असतो, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपलं. त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो, म्हणून पंप, पुल्या, टेन्शनर सगळं एकदमच घेतलं. वर्ध्याचा एक मित्र टॉर्च धरायला आला होता, दोन दिवस लागले, खुणा तीनतीनदा जुळवल्या, मग पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, कुठं अडत नाही ना ते बघितलं. चावी फिरवायच्या आधी बाबांना कॉल लावून फोन बॉनेटवर ठेवला.

परवा बाबांनी शेतातल्या शेडमधल्या त्या डिझेल इंजिनावरचं पोतं काढलं. आता विजेची मोटर आहे, पण लाइन रात्रीची येते आणि कधी येतही नाही, म्हणून ते ठेवलंय. मी हँडल मारलं, तिसऱ्यांदा धरलं त्याने. मी पेचकस लावून ऐकलं, बेअरिंग ठणठणीत आहेत, नोझल मात्र गळतंय. उद्या यवतमाळला जाऊन नोझल घेऊन येतो, परत जायच्या आधी बसवायचं आहे.