तुम्ही विचारलंत म्हणून: प्री-एक्लाम्प्सिया आधी ओळखता येतो का?

गर्भवती स्त्रियांच्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. पहिल्या बाळंतपणात हा त्रास झालेल्या स्त्रिया तो विचारतात, त्यांचे नवरे आणि आया विचारतात, आणि कधी कधी नव्याने प्रसूतिविभागात रुजू झालेले डॉक्टरही विचारतात. प्रश्न असा की, पोटात सुई न घालता, नुसत्या रक्तावरून किंवा लघवीवरून प्री-एक्लाम्प्सिया होणार हे आधी कळू शकते का, आणि कळत असेल तर आम्हाला का कळले नाही? पहिल्या भागाचे उत्तर 'हो, बऱ्याच अंशी' असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर एका वाक्यात देणे मला कधीच जमलेले नाही, कारण त्यासाठी या तपासण्या नेमके काय मोजतात आणि कोणत्या वेळी मोजतात हे आधी सांगावे लागते.

गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे, आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर तरी ताण दिसणे, याला प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात. शंभर गरोदरपणांपैकी साधारण दोन ते आठांमध्ये तो आढळतो. पुढे झटके आले की त्याला एक्लाम्प्सिया म्हणतात, आणि मग आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. रक्तदाब औषधांनी आटोक्यात ठेवता येतो आणि मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांची शक्यता निम्म्याहून कमी होते, पण मूळ आजार ओसरू लागतो तो वार (बाळाचे पोषण करणारा प्लासेंटा) बाहेर पडल्यावरच. म्हणूनच आधी कळण्याला इतके महत्त्व आहे. सव्विसाव्या आठवड्यात आजार बळावला, तर बाळाला पोटात ठेवणेही धोक्याचे आणि बाहेर काढणेही धोक्याचे, अशी कोंडी होते.

इजा न करता मिळणाऱ्या खुणांचा हा शोध नवा नाही. १८४३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांनी झटके येणाऱ्या गर्भवतींची लघवी तापवून पाहिली आणि तिच्यात अल्ब्युमिन हे प्रथिन सापडल्याची नोंद केली. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याचे रक्तदाबमापक यंत्र तयार केले. पुढचे जवळजवळ शतकभर प्रसूतितज्ज्ञांच्या हाती याच दोन गोष्टी होत्या. दोन्ही उपयोगाच्या आहेत आणि दोन्ही आजही मोडीत निघालेल्या नाहीत, पण त्यांची मर्यादा मूलभूत आहे. रक्तदाब चढतो आणि प्रथिने गळू लागतात तोवर रक्तवाहिन्यांना इजा झालेली असते. आजाराची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आठवडे आधी, वार रुजत असताना होते.

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी वळणाच्या बारीक धमन्या असतात. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, त्यांच्या भिंतीतले स्नायू नाहीसे करतात आणि त्या धमन्यांचे रुंद, संथ प्रवाहाच्या नळ्यांत रूपांतर करतात. प्री-एक्लाम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे काम अर्धवट राहते. धमन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त नीट पोहोचत नाही, आणि ताणाखाली आलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडू लागते जे तिथे इतक्या प्रमाणात असू नयेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या नळीत आम्ही हेच पदार्थ शोधतो.

त्यांतले दोन आज सर्वांत महत्त्वाचे आहेत. पहिला पीएलजीएफ, म्हणजे वारेतून स्रवणारे आणि रक्तवाहिन्यांना सांभाळणारे प्रथिन. दुसरे एसएफएलटी-१, जे या प्रथिनाला रक्तातच पकडते. पीएलजीएफ हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराला पाठवलेला निरोप मानला, तर एसएफएलटी-१ तो निरोप वाटेतच अडवते. २००३ मध्ये संशोधक अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवून दिले की प्री-एक्लाम्प्सिया झालेल्या स्त्रियांमध्ये एसएफएलटी-१ वाढलेले असते, आणि ते उंदरांना दिले तर त्यांचाही रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जातात आणि मूत्रपिंडात तसेच बदल दिसतात. या उंदरांमध्ये गाभण नसलेलेही होते, हे मला सर्वांत बोलके वाटते. वार नसतानाही नुसत्या या एका प्रथिनाने आजाराचे चित्र उभे राहत होते. कर्करोगावर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी जी औषधे देतात, त्यांच्यामुळेही काही रुग्णांचा रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने जातात. तोही याच साखळीचा पुरावा आहे. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजार दिसू लागण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ चढू लागते, आणि पीएलजीएफ त्याच्याही आधीपासून कमी असते, असे आढळले.

इथे मला थोडे थांबून एक फरक स्पष्ट करायचा आहे, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. 'हा आजार मला पुढे कधी होईल का' हा एक प्रश्न आहे आणि 'आज मला जे होत आहे ते हाच आजार आहे का, तो येत्या काही दिवसांत उसळणार आहे का' हा वेगळा प्रश्न आहे. पहिला बाराव्या आठवड्याच्या आसपास विचारायचा असतो, दुसरा विसाव्या आठवड्यानंतर. दोन्हीसाठी वापरायच्या खुणा काही अंशी सारख्या असल्या, तरी एका प्रश्नासाठी केलेल्या तपासणीचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज अधिक भक्कम आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात, ज्यांच्याबद्दल संशय आहे पण निदान झालेले नाही अशा स्त्रियांमध्ये या दोन प्रथिनांचे गुणोत्तर, म्हणजे एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ, मोजले गेले. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्री-एक्लाम्प्सिया होणार नाही हे ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता आले. गुणोत्तर ३८ च्या वर असलेल्या स्त्रियांपैकी मात्र पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला तो सुमारे ३७ टक्के जणींनाच. अहवाल हाती पडल्यावर हे दोन आकडे सारख्याच वजनाने वाचले जातात, आणि त्याचे मला वाईट वाटते. ही तपासणी धीर द्यायला फार चांगली आहे, घाबरवायला तितकी चांगली नाही. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीएलजीएफचा आकडा डॉक्टरांना लगेच कळवला, तेव्हा निदानाला लागणारा काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईला होणाऱ्या गंभीर गुंतागुंतीही कमी झाल्या. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२३ मध्ये गुणोत्तराच्या अशाच तपासणीला मान्यता दिली, पण ती उच्च रक्तदाबामुळे रुग्णालयात दाखल असलेल्या, २३ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यानच्या स्त्रियांसाठी आहे, आणि पुढच्या दोन आठवड्यांत आजार तीव्र होईल का एवढेच सांगण्यापुरती आहे. तिथे उंबरठा ४० चा धरला जातो. यंत्र बदलले की आकडा बदलतो, त्यामुळे एका प्रयोगशाळेतला पहिला अहवाल आणि दुसरीकडचा दुसरा अहवाल शेजारी ठेवून 'वाढले' किंवा 'घटले' असा निष्कर्ष काढू नये, ही विनंती मी प्रत्येकाला करते.

आता पहिला प्रश्न. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनने विकसित केलेल्या पद्धतीत ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान चार गोष्टी एकत्र पाहतात: स्त्रीचे वय, वजन, पूर्वीची बाळंतपणे आणि आजार यांची माहिती, सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी, आणि रक्तातील पीएलजीएफ. चारही मिळून, सुमारे दहा टक्के स्त्रियांना धोका जास्त असे ठरवले, तर ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावे लागणाऱ्या प्री-एक्लाम्प्सियापैकी साधारण तीन चतुर्थांश प्रसंग त्या दहा टक्क्यांत सापडतात. दिवस भरल्यावर होणारा प्रकार या पद्धतीला नीट सापडत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ही माहिती हाती घेऊन करण्यासारखे काही आहे, म्हणूनच तिला मोल आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आस्प्रे चाचणीत अशा तपासणीत धोका जास्त ठरलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिले गेले. लवकर बाळंतपण करावे लागणारा प्री-एक्लाम्प्सिया गोळी घेणाऱ्यांत १.६ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के झाला. यातला दुसरा आकडा पुन्हा वाचावा. धोका जास्त ठरलेल्या आणि औषध न घेतलेल्या शंभर जणींपैकी शहाण्णवांना हा प्रकार झालाच नाही. त्यामुळे बाराव्या आठवड्यातला 'धोका जास्त' हा शेरा निदान म्हणून वाचू नये. गोळी सुरू करावी की नाही एवढे ठरवण्यापुरताच तो आहे, आणि ती गोळीही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची असते.

पुढचे संशोधन मला मनापासून आशा देते. १९९७ मध्ये संशोधक डेनिस लो यांनी आईच्या रक्तद्रवात गर्भाचा डीएनए फिरत असतो हे दाखवले. दोनच वर्षांनी त्याचे प्रमाण प्री-एक्लाम्प्सियात वाढते हेही समोर आले. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आईच्या रक्तात तरंगणाऱ्या आरएनएमधील (आरएनए म्हणजे कोणती जनुके काम करत आहेत हे सांगणारे रेणू) अठरा जनुकांच्या खुणांवरून, पाचव्या ते सोळाव्या आठवड्यातल्या नमुन्यांत, हा धोका ओळखता येतो असे मांडले. वारेच्या आत काय चालले आहे याचा हा जवळजवळ थेट वृत्तांत आहे. रोजच्या वापरात येण्यापूर्वी मात्र त्याला वेगवेगळ्या लोकसमूहांतल्या मोठ्या चाचण्यांतून जावे लागेल.

लघवीच्या बाबतीत एक तपासणी मला विशेष आवडते. प्री-एक्लाम्प्सियात लघवीतून जाणारी काही प्रथिने चुकीची घडी पडलेली असतात, आणि सुती कापड रंगवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बनवलेला काँगो रेड हा रंग अशा प्रथिनांना घट्ट चिकटतो. लघवीत तो रंग मिसळून त्याचा थेंब एका पातळ पडद्यावर टाकतात आणि पडदा मेथॅनॉलने धुतात. निरोगी नमुन्याचा ठिपका धुऊन जाऊ लागतो; आजाराच्या नमुन्याचा लाल ठिपका टिकून राहतो. २०१४ मध्ये इरिना बुहिम्शी यांच्या गटाने हे सविस्तर प्रसिद्ध केले. महागडे यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, आणि जिथे प्रयोगशाळाच नाही तिथेही हे करता येण्यासारखे आहे. दूरच्या भाकितापेक्षा संशयाच्या वेळी निदानाला हातभार लावणे हे त्याचे खरे काम आहे, असे माझे मत आहे.

मग तुम्हाला का कळले नाही? बहुतेकदा कारण असे की बाराव्या आठवड्यात ही एकत्रित तपासणी तुमच्याकडे उपलब्ध नव्हती, किंवा झाली असती तरी तुमचा आजार तिला न सापडणाऱ्या प्रकारात, म्हणजे दिवस भरल्यावर, आला. तुम्ही काही खाल्ले, न खाल्ले, जास्त काम केले म्हणून वार अशी रुजली, असे समजू नका. पुढच्या वेळी मात्र पहिल्याच भेटीत मागच्या बाळंतपणाची कागदपत्रे घेऊन जा, कारण अॅस्पिरिनचा निर्णय सोळाव्या आठवड्याच्या आत व्हायला हवा. गरोदरपणाचे आठवडे लवकरच्या सोनोग्राफीने पक्के करून घ्या, कारण पीएलजीएफ आठवड्यागणिक बदलते आणि तारीख चुकली तर आकडाही चुकीचा वाचला जातो. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसल्यावर, पाठीला टेकू देऊन, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि योग्य मापाचा पट्टा बांधून मोजला जाईल याचा आग्रह धरा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज येणे यांपैकी काहीही झाले, तर आधीचा कोणताही चांगला अहवाल हातात असला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हेच लागू आहे.