नाल्याला रंग आला, तक्रार कोणाकडे?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला नाला सकाळी लालसर दिसला की पहिला फोन जातो महापालिकेला. पालिका गाळ काढेल, पावसाळी गटारात कुणी मैलावाहिनी जोडली असेल तर ती तोडेल. कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी सोडायची परवानगी, मात्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं आणि रोखतंही तेच. वॉर्ड ऑफिसात तावातावाने भांडून तिथे काही होत नाही.

पाणी मुळात राज्याचा विषय. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला, पुढच्या वर्षी मंडळ आलं. केंद्राचा १९७४ चा कायदा आपण स्वीकारला तो थेट १९८१ मध्ये! १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानंतर मात्र दोरी दिल्लीकडे गेली. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला केंद्राची सर्वसाधारण मर्यादा अशी: लिटरमागे सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या मोडायला लागणारा ऑक्सिजन) २५० मिलिग्रॅम, बीओडी (तीच घाण जिवाणूंना मोडायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सामू (पीएच, म्हणजे आम्लता) ५.५ ते ९. मंडळ ती आणखी कडक करू शकतं, सैल करू शकत नाही. म्हणून आधी त्या कारखान्याच्या संमतीपत्रातला आकडा बघावा.

खरी गोची नमुन्यात होते. आपण बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलेलं पाणी फोटोपुरतं ठीक, कायद्याला ते चालत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. यातलं काही राहिलं की कारखान्याचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. नमुना कारखान्याच्या शेवटच्या चेंबरमधून घ्यायला सांगा; नाल्यातल्या पाण्यावरून दहा कारखान्यांतला नेमका कोणता, ते कळत नाही. नाल्यातूनच घ्यायचा तर ओहोटीला. भरतीला खाडीचं पाणी नाल्यात चढतं आणि आकडे पातळ होतात. तक्रारीत तारखेबरोबर वेळही लिहा, रंग दोन तासांत वाहून जातो.

मंडळ हललंच नाही, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याला बांधील निर्देश देऊ शकतं, तेव्हा पत्राची प्रत तिकडेही जाऊ द्या. १९८६ च्या कायद्याखाली नागरिकाला स्वतः कोर्टात जाता येतं, पण आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. तिथे मूळ वादाच्या अर्जाला मुदत सहा महिन्यांची, आणि ती वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून धरतात. मंडळाच्या उत्तराची वाट बघण्यातच बहुतेकांचे चार-पाच महिने जातात.