तर्री जास्त, पोहे कमी: मधुमेहानंतरचे माझे जेवण

आमच्या महाविद्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर झाले, त्यात माझी उपाशीपोटीची साखर १५८ निघाली. डॉक्टरांनी एवढ्यावर निदान न करता एचबीए१सी ही चाचणी करून आणायला सांगितले आणि तिचा आकडा ८.१ टक्के आला. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे ही चाचणी मोजते, त्यामुळे आदल्या रात्री लग्नात जेवले होते किंवा आठवडाभर धावपळ होती असली कारणे तिच्यापुढे चालत नाहीत. ६.५ किंवा त्याहून अधिक आकडा म्हणजे मधुमेह. माझे वय एकोणपन्नास आणि वडिलांना हाच आजार, तेव्हा आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. मेटफॉर्मिनची गोळी दोन्ही वेळच्या जेवणासोबत सुरू झाली आणि तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची ठरली. आहार कसा बदलायचा हा प्रश्न मात्र माझ्याकडे सोपवला गेला.

पहिला आहारतक्ता एका दवाखान्यात छापील मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि ब्राऊन ब्रेड होते. वरण, भाकर, पातळ भाजी यांचा उल्लेखही नव्हता. तो तक्ता कोणासाठी छापला होता कोण जाणे, पण नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या आणि पाच माणसांचा स्वयंपाक करून सव्वादहाला वर्गात उभे राहणाऱ्या बाईसाठी नक्कीच नव्हता. मी तो पाळला, म्हणजे घरच्यांचे नेहमीचे जेवण रांधून झाल्यावर स्वतःसाठी वेगळे काहीतरी शिजवू लागले. वेगळे ताट म्हणजे वेगळी भांडी, वेगळा वेळ आणि जेवताना सगळ्यांची सहानुभूती, आणि यातले शेवटचे मला सर्वांत जड गेले. सेमिस्टर परीक्षांचे दिवस आले तेव्हा ओट्सचा डबा मागे सरकला आणि तक्ता फ्रिजच्या दारावर नुसता चिकटून राहिला.

त्यानंतर ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी तक्ता दिलाच नाही. जे तोंडात जाते ते सर्व, उभ्याने खाल्लेलेही, आठवडाभर लिहून आणा, एवढेच त्यांनी सांगितले. त्या वहीने माझे डोळे उघडले. ताटात बसून मी दोन पोळ्या आणि थोडा भात खात होते, त्यात फारसे वावगे नव्हते. खरे जेवण ताटाबाहेर चालले होते: मुलीच्या डब्यात उरून आलेली पोळी, रात्री पातेल्यात राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन, सासूबाईंना सोबत म्हणून दुपारचा चहा आणि त्याबरोबर दोन टोस्ट, पाहुणा आला की पुन्हा चहा. टाकून देणे जिवावर येते म्हणून घरातली बाई जे संपवते, ते तिच्या आहाराच्या हिशेबात कोणीच धरत नाही. आता भात मोजून लावला जातो आणि जे उरेल ते दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पानात वाटले जाते. गोळीखेरीज माझ्या आकड्यावर सर्वांत मोठा परिणाम याच एका बदलाने झाला असावा, असे मला वाटते.

दुसरा गैरसमज भाकरीचा होता. मधुमेह म्हटले की नागपुरात प्रत्येक जण ज्वारीची भाकर सुचवतो आणि ती हवी तेवढी चालते असेही सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते त्या बाईंनी मला दाखवले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आहेत, तर चोकरासह दळलेल्या कणकेत सुमारे ६४. तंतूही दोन्हींत दहा-अकरा ग्रॅमच्या आसपासच. पांढऱ्या तांदळात मात्र कर्बोदके ७८ ग्रॅम आणि तंतू तीन ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे भाकर ही पोळीची बहीणच आहे, तिला वेगळी सवलत नाही. तिचा फायदा मला दुसऱ्याच बाजूने झाला: एक भाकर नीट चावून खायला वेळ लागतो आणि तिच्यासोबत झुणका, भरीत किंवा ठेच्याबरोबर दही असे काहीतरी लागतेच, त्यामुळे दुसरीकडे हात जाण्याआधी पोट भरते.

या सगळ्यात ग्लुकोमीटरचा उपयोग मी ज्या पद्धतीने केला, ती सांगण्यासारखी आहे. रोज सकाळी एकदा बोट टोचून आकडा लिहिण्यापेक्षा एका वेळी एका पदार्थाची परीक्षा घ्यायची: खाण्याआधी एक मोजणी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून ज्या पदार्थाबद्दल खरोखर शंका आहे त्यावरच त्या खर्च करायच्या. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचले तर कमी दुखते. हात धुणे ही मला आधी केवळ स्वच्छतेची बाब वाटत होती, पण एकदा मुलीला संत्री सोलून दिल्यानंतर तशाच बोटाने तपासले तेव्हा यंत्राने २८३ दाखवले. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहिले तेव्हा १४४ होते. बोटाला लागलेला संत्र्याचा रस यंत्र रक्तातली साखर म्हणूनच मोजते. आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. पट्ट्यांना उष्णता आणि दमट हवा दोन्ही बाधतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांची डबी स्वयंपाकघरात ठेवता येत नाही आणि कूलरच्या झोतासमोरही ठेवता येत नाही. माझी डबी घट्ट झाकण लावून आतल्या खोलीतील कपाटात असते.

सर्वांत जास्त पट्ट्या तर्री-पोह्यांवर, म्हणजे हरभऱ्यांचा तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांवर, खर्च झाल्या. रविवारी सकाळी आमच्याकडे नाश्ता ठेल्यावरून येतो, ही माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची पद्धत. पोहे म्हणजे आधीच उकडून चपटा केलेला तांदूळ. तो झटपट पचतो आणि झटपटच रक्तात उतरतो. ठेल्यावरची एक प्लेट, वर चमचाभर तर्री आणि तर्रीतले मोजके हरभरे, असे खाल्ल्यावर १२४ वरून आकडा २२१ वर गेला. आता पोहे सोडायचे की काय, या प्रश्नावर घरात जवळजवळ शोक पाळला गेला. मग मी घरी प्रमाण उलटे केले. काळे हरभरे रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवले, कांदा, लसूण, आले आणि सुके खोबरे भाजून वाटले, भिवापुरी मिरचीचे तिखट घातले आणि रस्सा पातळ ठेवला. वाडग्यात आधी दोन वाट्या हरभरे रश्श्यासह, त्यावर मूठभर पोहे, भरपूर चिरलेला कांदा, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि लिंबू. वर तरंगणारा तेलाचा लाल थर अर्थातच बारीक झाला, आणि त्यावाचून तिला तर्री म्हणावे का, असा आक्षेप यजमानांनी नोंदवला. तो आक्षेप रास्त आहे. परंतु ११९ वरून सुरू झालेला आकडा त्या दिवशी दोन तासांनी १५६ वर थांबला, आणि दुपारी एकपर्यंत भूक लागली नाही. आता रविवारी ठेल्यावरून फक्त पोहे येतात, तेही कमी. तर्री घरची असते आणि ती सगळेच खातात.

हेच उलटे प्रमाण मग बाकीच्या पदार्थांना लावत गेले. विदर्भाच्या स्वयंपाकात डाळ इतक्या रूपांनी येते की बाहेरून काही आणायची गरज पडत नाही. गोळाभातात भात मुख्य आणि भरड्याचे, म्हणजे भरड दळलेल्या डाळीचे, गोळे तोंडी लावण्यापुरते असत. आता माझ्या पानात गोळे चार आणि भात त्यांच्या आधाराला. कढीगोळे असतील तर भात नसला तरी चालतो. पालकाच्या पातळ भाजीत हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधीपासूनच असतात, फक्त ती वाटीऐवजी वाडग्यात घ्यायची. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, उन्हाळ्यात चिवळ, पावसाळ्यात आंबाडी, ही गोकुळपेठेच्या बाजारात ढिगाने मिळते. सांबारवडी मात्र तळलेली असल्याने क्वचितच.

खाण्याचा क्रमही बदलला. आधी काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर, मग भाजी आणि घट्ट वरण, आणि भाकर-पोळी त्यानंतर. तंतू, प्रथिने आणि थोडी स्निग्धता आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामे होते आणि मागून येणारा स्टार्च रक्तात हळूहळू उतरतो. घरी हे सोपे आहे. पंगतीत, जिथे सुरुवातच वरणभात आणि तुपाने होते, तिथे वाढणाऱ्याला थांबवून आधी कोशिंबीर मागावी लागते आणि तो चमत्कारिक नजरेने पाहतो.

सल्ल्यांबद्दल थोडक्यात. गूळ चालतो, मध चालतो, असे सांगणारे भेटले. गूळही बव्हंशी साखरच आहे, चहात तो घालून काहीच साधत नाही. मी चहातली साखर टप्प्याटप्प्याने काढली आणि आता गोड चहा मलाच नकोसा होतो. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड घेऊन पाहा म्हणणाऱ्यांना मी नमस्कार करते, पण गोळी थांबवून त्या मार्गाला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. संत्र्यांबद्दलची भीती मात्र अनाठायी होती. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते घरात पेटीने येत असताना त्याच्याकडे पाठ फिरवणे मला तरी शक्य नव्हते. एक आख्खे संत्रे सालीच्या आतील पांढऱ्या धाग्यांसह खाल्ले तर माझा आकडा फारसा हलत नाही. रसाच्या एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि तंतू गाळणीत राहतात, म्हणून रस बंद. संत्रा बर्फी हे फळ नव्हे, हेही पाहुण्यांना समजावून सांगावे लागते.

सर्वांत नाजूक विषय उपवास आणि सण. मी एकादशी धरते आणि साबुदाण्याची उसळ हा त्या दिवसाचा आधार. साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. एका बशीने मला २३६ पर्यंत नेले, म्हणजे ठेल्यावरच्या पोह्यांच्याही पुढे. भगरीचेही फारसे वेगळे निघाले नाही. सासूबाईंचा पथ्याच्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्या शेजारी बसलेल्या असताना यंत्रावर उमटलेला तो आकडा त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा जास्त पटला. आता माझी एकादशी दही, शेंगदाणे, काकडी, ताक आणि एखादे फळ यांवर निघते. हे मला जमते, कारण केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर एकदम उतरण्याचा धोका कमी असतो. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या तेव्हा मी आधीच धास्तावले होते. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, कढी, वडे, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, आणि प्रसादाला नाही म्हणायचे नाही. त्या वर्षी सासूबाईंनी स्वतःच पुरणाची एक लहान पोळी माझ्यासाठी म्हणून लाटली, तळव्याएवढी. मी सोळा भाज्यांची भाजी दोनदा घेतली, कढी घेतली, एक वडा घेतला, आणि ती पोळी तुपासह शेवटी. सवाष्णी निघून गेल्यावर अर्धा तास गच्चीवर चालले. दोन तासांनी १८७. डॉक्टरांनी दिलेली मर्यादा १८० ची आहे, पण वर्षातून एकदा ही वरची सात मला मान्य आहेत.

चालण्याचे येथे थोडे वेगळे गणित आहे. डॉक्टर जेवणानंतर चाला म्हणतात, परंतु मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना दुपारी कोण बाहेर पडणार. म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर मी घरातल्या घरात फेऱ्या मारते आणि रात्री जेवण आठच्या आत आटोपून त्रिकोणी पार्कच्या बाजूने चालायला जाते. तहान लागली की उसाचा रस आणि गोड पन्हे समोर येते. मी कैरी उकडून जिरे-मीठ घातलेले पन्हे आणि ताक यांवर भागवते.

तीन महिन्यांनंतरच्या चाचणीत एचबीए१सी ७.२ आला आणि त्यापुढच्या खेपेस ६.८. गोळीची मात्रा तीच ठेवली आहे, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते म्हणून तेही तपासून घेतले. मी शाकाहारी असल्याने ते काठावरच निघाले; आता त्याची वेगळी गोळी आहे. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा दाखवायचा आहे.

आता राहिला आंबा. अर्धा आंबा, कापून, सकाळी अकराच्या सुमारास मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाल्ला तर निभावतो, हे दोन पट्ट्या खर्चून पाहिले आहे. रस मात्र आमच्याकडे शेवयांबरोबर खाल्ला जातो, आणि त्या जोडीची परीक्षा मी अद्याप घेतलेली नाही. पुढची एचबीए१सी जूनमध्ये आहे आणि नणंदेची मंडळी रस खायला त्याआधीच येणार आहेत.