फिरता पियानो, नोंद ३: साक्री ते नवापूर

८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो, यामाहा पी-४५, आता भजन-प्रार्थनेच्या फिरत्या संचात पक्का झाला. वजन ११.५ किलो, लांबी १३३ सेंटिमीटर. मोटरसायकलचा विषय संपला, कोंडाईबारी घाट चारचाकीनेच. नाताळच्या कॅरोल फेरीला मात्र जुना ६१ पट्ट्यांचाच बरा.

या हंगामातली मोठी दुरुस्ती केबलची. पी-४५ ला लाइन आउट, म्हणजे मिक्सरला जोडायचे वेगळे सॉकेट, नाही. आवाज हेडफोनच्या सॉकेटमधून काढावा लागतो आणि साउंडवाला हाताला येईल ती वायर देतो. गिटारची मोनो पिन घातली की उजवा चॅनेल थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला दिली तर आणखी वाईट. मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो, दोन्हींत सारखा असलेला आवाज गायब, उरतो तो पोकळ, नाकातला पियानो. मग सगळे इक्वलायझर पिळत बसतात! हवी ती वाय केबल: एकीकडे स्टिरिओ, दुसरीकडे दोन मोनो पिना. मंडपाचा साउंड बहुधा मोनोच असतो, म्हणून डावी पिन लावून उजवीला चिकटपट्टी गुंडाळून सोडली तरी भागते. मिक्सर लांब असेल तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीसाठी सिग्नल बदलून देणारा डबा. जनरेटरवर घरघर आली की त्याचा ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणारा, खटका टाकायचा. अँप्लिफायरची अर्थिंगची पिन तोडून घरघर घालवणारे भेटतात. त्यांना आवरावे, झटका माइक धरणाऱ्याला बसतो.

वीज गेली तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची यूपीएसची बॅटरी. हिशेब ८४ वॅट-अवरचा, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ४२. पियानो १२ वॅट खातो असे धरले तरी साडेतीन तास. चार्जरवर असताना ही बॅटरी १३.८ व्होल्टपर्यंत जाते, म्हणून थेट न जोडता मध्ये १२ वर बांधलेला बक-बूस्ट मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा बोर्ड. पिनचे प्लस-मायनस अ‍ॅडॉप्टरवरच्या चिन्हाशी ताडायचे.

स्टँड दुहेरी एक्सचा. कपाशीच्या रानात मंडप असला आणि सडा मारलेला असला की काळ्या मातीत एक पाय रुततो. प्रत्येक पायाखाली १२ मिलिमीटर प्लायचा हातभर तुकडा. सूर लांबवायचे पेडल सतरंजीवर सरकते, त्याखाली रबरी जाळी. पेडल दाबलेले असताना पियानो चालू करू नये. काही कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात, मग सगळे उलटे होते आणि पाय उचलला की सूर लांबत राहतात.

धुळीचे काम सर्वांत किचकट. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत कार्बनचे दोन ठिपके असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंतचा वेळ मोजून पियानो जोर ठरवतो. पहिल्यावर धूळ बसली की तो उशिरा लागतो, मधला वेळ कमी भरतो, आणि हळू प्रार्थनेत एकच सूर ठणकन वाजतो. दुसऱ्यावर बसली तर पट्टी दबकी किंवा मुकी. पियानो उघडल्यावर ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, बोर्डावरचे ठिपके एकदाच हलके पुसायचे. रबराचे ठिपके घासायचे नाहीत, कार्बन निघतो. सुकल्यावर रबराची पट्टी बसवताना तिची बोंडे भोकातून पूर्ण खेचलेली हवीत. एक अर्धवट राहिले की शेजारच्या दोन-तीन पट्ट्या अडतात. गाणे नसेल तेव्हा वर ओढणी टाकली तरी निम्मी धूळ वाचते.

पेटीशी जुळवणे. पेटीची पांढरी सहा नेमकी ४४० हर्ट्झवर, म्हणजे प्रमाण सुरावर, क्वचितच असते. दोघांचा पांढरी सहा एकत्र धरायचा आणि लाटा मोजायच्या: सेकंदाला दोन, तर फरक दोन हर्ट्झ. पियानोचे ट्यूनिंग लाट थांबेपर्यंत सरकवायचे. मंडळी काळी एकला गात असेल तर ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवणारे बटण) चालेल, फक्त पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायचे, नाहीतर पेटी आणि पियानो अर्ध्या सुराने भांडतात.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांखाली चार आवाजांच्या इंग्रजी स्तोत्रांसारखे जाड कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) लावू नयेत, चाल मरते. डाव्या हाताने सा-प, उजव्याने चालीचाच सूर, आणि ढोलक दादऱ्याला असेल तर सहा मात्रांत पहिली आणि चौथी एवढीच धरायची.