वाडा जळाला, बागा राहिल्या

परवा काटोलहून मामांनी संत्र्यांचं एक पोतं पाठवलं. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांचा माल, पोत्याचं तोंड सोडलं आणि पूर्ण घरात वास! साल इतकं ढिलं की नखाने ओढलं तर एका तुकड्यात निघून येतं, आत फोडींवर ते पांढरे धागे, आणि सोलताना उडालेला सालीचा रस डोळ्यात गेला की जी जळजळ होते ती नागपूरच्या पोराला लहानपणापासून माहीत असते. आईने पहिलं संत्रं सोललं आणि दरवर्षी म्हणते तेच म्हणाली, "हे आपल्या महालातलं फळ आहे बरं."

आईचं माहेर महालातलं, म्हणजे नागपूरच्या महाल नावाच्या जुन्या वस्तीतलं, तुळशीबागेजवळचं. आणि ती बोलते ते खरंच आहे, दुसरे रघुजी भोसले (१७८८ ते १८१६ त्यांचा काळ) यांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपं आणली आणि वाड्याच्या बागेत लावली, आणि तिथून हे फळ विदर्भात पसरलं, असंच आपल्याकडे सांगत आले आहेत. म्हणजे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा जो पूर्ण संत्र्याचा पट्टा आहे, त्याचं मूळ एका राजाच्या परसबागेत. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, पण त्या बागेबद्दल कोणी फार बोललं नाही, मला तेव्हापासून हे लिहायचं होतं.

तर तो वाडा. काळ्या दगडाचा, लाकडावर भरपूर कोरीव काम असलेला भोसल्यांचा राजवाडा महालात होता. १८६४ मध्ये आग लागली आणि सगळा जळाला. उरला फक्त नगारखाना. आजही तुम्ही महालात गेलात तर तो उभा दिसतो, खालून ऑटो, बाइक, भाजीवाले जात असतात आणि फार थोडे लोक मान वर करून पाहतात. मी लहान असताना आजोबांच्या बोटाला धरून त्याच्या खालून किती वेळा गेले असेन, पण हा एका जळालेल्या वाड्याचा उरलेला तुकडा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आपल्याच गल्लीचा इतिहास इतक्या उशिरा कळावा याचं आजही वाईट वाटतं.

पण मला खरं सांगायचंय ते बागांचं. वाडा गेला, बागा मात्र बऱ्याच राहिल्या. भोसल्यांनी गावात आणि गावाभोवती बागाच बागा केल्या होत्या: महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंखेडी. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. सक्करदऱ्याला तलाव, सोनेगावला तलाव, तेलंखेडीला तर आपला फुटाळाच, आणि महाराजबागेला खेटून नाग नदी. बाग म्हटलं की पाणी आलंच, आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या मे महिन्यात, पाण्याशिवाय झाड जगवणं म्हणजे काय हे ज्याने गच्चीवर दोन कुंड्या ठेवल्यात त्यालाही माहीत आहे. म्हणून मला वाटतं की या लोकांनी बागा केल्या म्हणण्यापेक्षा आधी पाण्याची सोय पाहिली, मग झाडं लावली.

यातली महाराजबाग मला सगळ्यात जवळची. तिच्या डोक्यावर सीताबर्डीची टेकडी, जिथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. ती आपण हरलो आणि त्या टेकडीवर मग इंग्रजांनी किल्ला बांधला. म्हणजे वरती किल्ला त्यांचा आणि खाली बाग आपल्या राजाची. पुढे ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले, औरस वारस नव्हता, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. आणि त्यानंतर जे झालं ते वाचताना मला अजूनही गलबलून येतं, भोसल्यांचे हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलाने विकले, जडजवाहीर विकायला कलकत्त्याला नेलं. राण्या वाड्यातच होत्या तेव्हा. त्यातल्या बाकाबाई, दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी, म्हणाल्या होत्या की सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन. दहा वर्षांत वाडा जळालाच, पण त्याच्याशी याचा संबंध जोडू नका, ते वेगळं.

बाग मात्र वाचली, कारण ती कामाची होती. पुढे ती शेतीच्या शिक्षणाशी जोडली गेली, १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं, आज महाराजबाग आणि तिथलं प्राणिसंग्रहालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या त्याच कॉलेजकडे आहे. राजाची बाग शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा झाली, याच्यापेक्षा चांगलं काय व्हायला पाहिजे होतं सांगा!

मागच्या रविवारी मी लेकीला घेऊन गेले होते. तिला वाघ पाहायचा होता, मला झाडं. एका जुन्या वडाखाली बसलो, पारंब्या जमिनीत जाऊन त्यांचेच खोड झालेले, लेक एकेक पारंबीला मिठी मारून मोजून राहिली होती, अकरावर येऊन विसरली आणि पुन्हा पहिलीपासून सुरू. तिथे झाडांच्या पाट्या आहेत काही, पण ही बाग कोणाची, कधीची, शेजारची टेकडी कोणती, हे सांगणारी एक मोठी पाटी दारातच पाहिजे आणि ती मराठीत पाहिजे, हे माझं मनापासूनचं म्हणणं आहे. तुळशीबागेचंही तेच, रेशीमबाग, मोतीबाग, कर्नलबाग, आपण दिवसभर ऑटोवाल्याला ही नावं सांगतो आणि त्यातली बाग कुठे गेली हे विचारत नाही.

रात्री मामांना फोन केला, संत्री पोचली म्हणून सांगायला. ते म्हणाले, "गोड निघाले का?" म्हटलं, खूप. मग मी त्यांना रघुजींच्या परसबागेचं सांगितलं तर मामा म्हणाले, हो ना, पण तेव्हा बियांपासूनच झाडं होत असतील, आता आम्ही जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतो, त्याशिवाय नीट झाड नाही. आणि मग, "आता पाणी बंद करून राहिलो, बाग ताणावर टाकली. झाडं सुकल्यासारखी दिसतील, घाबरू नको. जानेवारीच्या शेवटी पाणी सोडलं की फुलं येतात, तेव्हा पोरीला घेऊन ये, संध्याकाळचा वास घ्यायला."