बेशरम उपटायला अर्जुनी मोरगावला

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत खिडकी पकडावी. एक तळं मागे पडतं न पडतं तोच दुसरं येतं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले, 1950 च्या कायद्याने मालगुजारीच संपली आणि सरकारी कागदांत ते 'माजी मालगुजारी' झाले. लोक म्हणतात मामा तलाव.

मी उतरलो अर्जुनीला. पुढे एका ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत जायचं होतं. मे महिना, त्यामुळे काम पहाटेच सुरू. पाणी मध्यभागी आक्रसलेलं आणि काठाने माणसाएवढ्या उंच बेशरमीचं, म्हणजे कुठेही फोफावणाऱ्या त्या हट्टी झुडपाचं रान. फुलं जांभळट, देखणी. गुरं मात्र तोंड लावत नाहीत. बायका जास्त, पुरुष कमी. मी जोर लावून झाड ओढलं, ते बुडाशी मोडलं. शेजारची काकू हसली. "मुरासकट काहाडा लागते जी. कांडी रायली तं तिलेबी फुटवा येते." उपटलेलं सगळं पाळीपलीकडे नेऊन वाळवायचं आणि जाळायचं. ओल्या काठावर टाकलं तर तिथेच रुजतं.

इथवर श्रमदान कुठेही पाहायला मिळतं. मला खेचून आणलं ते पुढच्या अर्ध्या कामाने. मोकळ्या झालेल्या जागेत ही माणसं पुन्हा वनस्पती लावतात! उन्हाळ्यात गाळपेर, म्हणजे पाणी हटून उघडी पडलेली तलावातली जमीन, नांगरून ठेवायची, आणि पाऊस पडून पाणी चढलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेलं हायड्रिला हे पाणगवत, देवधान म्हणजे रानटी भात, आणि कमळ रोवायचं. आपल्या शहरी डोळ्याला स्वच्छ तळं म्हणजे नितळ, रिकामं पाणी. ढिवरांच्या लेखी असलं तळं उपाशी.

कारण साधं आहे. बाजारातून मत्स्यबीज आणून सोडलेले रोहू-कतला साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून बीज पुन्हा पुन्हा विकत. मरळ मात्र पाणवनस्पतींत घरटं करते आणि पिलं राखते. गवत गेलं की मरळ गेली, लहानसहान गावठी मासेही गेले. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. त्यात कुणी गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला की उरलंसुरलं तोच फस्त करतो. एक म्हातारे बाबा त्याचं नाव काढलं तरी चिडत होते.

जेसीबीने तलाव खोल करण्याच्या उत्साहाबद्दलही इथे फारसं प्रेम नाही, आणि मला ते पटलं. गाळ काढावाच, पण काठाचा हलका उतार खरवडून सरळ खड्डा केला तर उथळ पाण्यातली झाडं उभी राहणार कुठे?

समुद्र इथून शेकडो किलोमीटर. तरी सलंगावरून, म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून, सांडलेलं पाणी गाढवी नदीतून वैनगंगेला, मग प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोचतं. हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्यांचा हिशेब तुडुमाखालच्या (तुडुम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायचं दार) धानाला पाणी किती आणि जाळ्यात मरळ किती, एवढाच.

ऊन चढल्यावर काम थांबलं. जेवायला भात आणि लहान माशांचा झणझणीत रस्सा. काटे फार, तरी दोनदा वाढून घेतला. तुम्हाला जायचं असेल तर उपटायला मे, लावायला पाऊस जमल्यावर. जवळच नवेगाव बांध आहे, तोही कोहळ्यांनीच बांधलेला. पण पर्यटकांची बोट सोडून एखाद्या छोट्या मामा तलावाच्या पाळीवरून चाला. जुने कपडे न्या, बेशरमीच्या चिकाचे डाग जात नाहीत.