प्रिंटर खराब नव्हता: आउटलुकच्या एका फॉर्मपायी गेलेले अठरा दिवस

प्रिंटर खराब नव्हता. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं, चौथ्या दिवशी सांगितलं, आणि बाराव्या दिवशी त्याच प्रिंटरवर पन्नास पानांचा अहवाल काढून सपोर्टवाल्यांच्या हातात ठेवला. तरी उत्तर तेच: "मॅडम, ड्रायव्हर पुन्हा टाकून बघू." आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेलच्या प्रोग्राममध्ये, बनवलेले जुने फॉर्म ज्यांच्या ऑफिसात अजून चालतात, त्यांचे तरी दिवस वाचावेत म्हणून लिहिते आहे.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माल बाहेर जाण्याआधी आमच्याकडे तपासणीची स्लिप निघते. पार्ट नंबर, लॉट, किती नग तपासले, किती रिजेक्ट, कोणी तपासले, हे सगळं आउटलुकच्या कस्टम फॉर्मवर, म्हणजे आपल्या कामापुरत्या बनवून घेतलेल्या फॉर्मवर, भरायचं आणि 'स्लिप काढा' बटण दाबायचं. मग वर्डचा साचा उघडतो, रकाने भरले जातात, कागद बाहेर येतो. त्यावर सही-शिक्का झाल्याशिवाय गेटवरून गाडी सुटत नाही. फॉर्म बनवणारे सहकारी केव्हाच नोकरी सोडून गेले, पण काम चोख करून गेले होते. इतक्या वर्षांत कधी अडलं नाही.

माझा कॉम्प्युटर बदलला आणि अडलं.

आधी फॉर्म उघडेचना, त्याच्या जागी साधी मेल उघडायची. ते एका दुपारीच सुटलं. फॉर्म जुन्या मशीनच्या 'पर्सनल फॉर्म्स' लायब्ररीत होता आणि नव्या मशीनला त्याचा पत्ताच नव्हता. हवा तो फॉर्म सापडला नाही की आउटलुक आपला नेहमीचा फॉर्म पुढे करतं. जुन्यावरून तो सेव्ह करून आणला आणि नव्यावर पब्लिश केला, म्हणजे नाव देऊन लायब्ररीत टाकला. पब्लिश करताना मी नाव थोडं बदललं, ते पुढे महागात पडलं.

फॉर्म उघडला, भरला, बटण दाबलं. काहीच नाही. एरर नाही, प्रिंटरच्या रांगेत नोंद नाही, वर्ड उघडत नाही.

शुक्रवारी पावणेपाचला सिन्नरचा टेम्पो गेटवर उभा होता. ड्रायव्हरदादा माझ्या टेबलाजवळ येऊन थांबले. हातातल्या चलनाची गुंडाळी तळहातावर आपटत म्हणाले, "ताई, पाच वाजले की द्वारका चौकात अडकतो मी. काहीतरी करा." मी जुन्या स्लिपची झेरॉक्स काढली, हाताने आकडे लिहिले आणि सुपरवायझरना गेटवर फोन करायला लावला. तपासणी वेळेत झालेली, माल चांगला, आणि एका बटणापायी माणूस ताटकळत उभा. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

सपोर्टवाल्यांनी तीनदा प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला. मग मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून पुन्हा बसवलं. दर वेळी तक्रार 'सोडवली' म्हणून बंद व्हायची आणि मला नवा नंबर घ्यावा लागायचा. फॉर्म उघडून बघायला मात्र कोणी तयार नव्हतं.

मधल्या काळात मी सरळ फाइलमधून प्रिंट देऊन पाहिली. आली ती यादी. वर पाठवणारा, घेणारा, विषय. खाली दोन-तीन रकाने, आणि रिजेक्टचा आकडा गायबच. तेव्हा कळलं की कस्टम फॉर्म पडद्यावर जसा दिसतो तसा आउटलुक छापतच नाही, मेमोच्या साच्यात रकान्यांची यादी छापतं. यादीतही तेच रकाने येतात, ज्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये 'व्हॅलिडेशन' टॅबवर छपाईत घ्यायची खूण केलेली असते. तुमचं काम यादीवर भागत असेल तर डिझाइनमध्ये जाऊन ती खूण करा, पुरे आहे. आमच्याकडे सहीची चौकट लागते, म्हणून वर्डचीच वाट धरायला हवी होती.

सुटका झाली ती भाच्यामुळे. रविवारी फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, प्रिंटर सोड. स्क्रिप्ट तरी चालतेय का?" त्याने सांगितल्याप्रमाणे फॉर्मच्या कोडमध्ये, फॉर्म उघडताच 'नमस्कार' अशी छोटी चौकट यावी एवढी एक ओळ घातली. चौकट आली नाही. म्हणजे स्क्रिप्ट, बटणामागचा कोड, चालतच नव्हती, प्रिंटरपर्यंत काही पोचतच नव्हतं. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. तुमचं बटण मुकं झालं असेल तर सगळ्यात आधी हीच करा.

कारण असं: सप्टेंबर 2017 च्या सुरक्षा अपडेटपासून कस्टम फॉर्ममधली स्क्रिप्ट आपोआप बंद असते. ते सुरक्षेसाठीच केलेलं आहे, त्यात गैर काही नाही. आमच्या जुन्या मशीनवर अपडेट कधी गेलेच नव्हते, म्हणून तिथे चालत राहिलं. पुन्हा चालू करायला विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंग जिथे साठवल्या जातात तिथे, दोन नोंदी लागतात. एकीने स्क्रिप्टला परवानगी मिळते. दुसरी म्हणजे विश्वासातल्या फॉर्मची यादी, तिच्यात आपल्या फॉर्मचं 'आयपीएम डॉट नोट' ने सुरू होणारं पूर्ण नाव घालायचं. हे स्वतः करू नका, अधिकार असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आमच्या हेड ऑफिसच्या मुलाने पंधरा मिनिटांत केलं.

तरी बटण मुकंच! यादीत जुनं नाव गेलं होतं आणि मी फॉर्म नव्या नावाने पब्लिश केला होता. नाव अक्षरन् अक्षर जुळवलं, आउटलुक बंद करून उघडलं, आणि 'नमस्कार' ची चौकट समोर आली. मी खुर्चीतून उठलेच. अठराव्या दिवशी पहिली स्लिप छापून निघाली.

फॉर्मच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम' वर खूण असेल तर ती काढा. फॉर्म मेलमध्येच बांधून गेला की नोंदी करूनही स्क्रिप्ट चालत नाही. आणि हो, शेजारच्या टेबलावर फॉर्मचं जुनंच रूप दिसत होतं, ते कॅशेमुळे, म्हणजे मशीनने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीमुळे. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, कस्टम फॉर्म्स, मॅनेज फॉर्म्स असं जाऊन 'क्लिअर कॅशे' दाबलं की जातं.

वर उजव्या कोपऱ्यातलं 'न्यू आउटलुक' चं बटण मात्र दाबू नका. नव्या आउटलुकमध्ये कस्टम फॉर्म चालतच नाहीत. शिवाय व्हीबीस्क्रिप्ट नावाच्या ज्या कोडच्या भाषेवर आमचं 'स्लिप काढा' बटण उभं आहे, ती पुढे विंडोजमधून काढणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने 2023 मध्येच जाहीर केलं आहे. म्हणून मी हीच स्लिप आता एक्सेलमध्ये बांधायला घेतली आहे. सहीच्या चौकटीपर्यंत झाली आहे.